कागदावर नसलेलं दार

अक्का, काल सकाळी सहा वाजता मी चहाचा कप घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले, अंगणातली अकरा पावलं चालले आणि तुमच्या दाराची कडी दोनदा वाजवली. आतून "ये वं" आलं नाही, तेव्हा आठवलं. पंधरा दिवस झाले, तरी पाय जुन्या वेळेवरच चालतात. मग तुमच्या पायरीवर बसून तो चहा मीच प्यायले. त्यात तुमच्याएवढी साखर होती. मला फार गोड झाला, पण टाकला नाही.

हे तुम्हांला लिहिते आहे, पण कागदाखाली कार्बन ठेवला आहे. दुसरी प्रत टोरांटोला जाईल. आमच्या शैलाची नीतू आता मराठी वाचते, बोट ठेवून का होईना. तुमची बातमी कळल्यावर तिनं पत्रात एकच प्रश्न विचारला आहे. "आत्याआजीची खोली घराला चिकटलेली होती, मग घरातून तिथं का जाता येत नव्हतं?" दोन उन्हाळ्यांपूर्वी ती आणि तिचा भाऊ इथे आले होते, तेव्हा तापलेल्या फरशीवरून उड्या मारत दिवसातून वीसदा तुमच्याकडे पळायचे. तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आजीले पूस." ती माझ्याकडे आली, तर मी म्हणाले, "आत्याआजीलाच विचार." पोर बिचारी बारा वर्षांच्या भांडणात सापडली होती, आणि तिला ते सांगायला दोघींपैकी एकीलाही सवड नव्हती.

मुलांना खरं काय ते क्रमानं सांगावं, अशी माझी शिस्त. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना मुलींना तेच सांगत आले. पण या प्रश्नाचं खरं उत्तर गेल्या मंगळवारपर्यंत मलाच पुरतं ठाऊक नव्हतं. तुम्हांला होतं. शामराव मिस्त्रींना होतं. मला नव्हतं.

तर क्रमानं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही माहेरी परत येऊन दोन वर्षं झाली होती. खाप्याला तुमचा संसार जेमतेम चार वर्षांचा. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, आणि तुम्ही एक लोखंडी ट्रंक व एक शिवणयंत्र घेऊन धाकट्या भावाच्या घरी आलात. तो धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा, तुमचा बापू. आधी भाड्याच्या घरात आणि मग या ले-आउटमध्ये आम्ही घर बांधलं तेव्हाही, तुमची खाट मधल्या खोलीत राहिली. मधली खोली म्हणजे खोली कसली, रस्ताच. बैठकीतून स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यातून, झोपायच्या खोल्यांत जायचं तर तिच्यातून, न्हाणीकडे जायचं तरी तिच्यातून. खाट खिडकीखाली, ट्रंक खाटेखाली, यंत्र खाटेच्या पायाशी. दुपारी तुम्ही आडव्या झालात की येणारा-जाणारा जरा पाय आवरून जाई. आम्हांला वाटे, केवढं जपतो आपण.

मग मला ती नवी खोली सुचली.

घराच्या मागच्या अंगाला, मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडे, बारा फूट बाय सोळा फुटांची जागा रिकामी होती. तिथे एक मोठी, उजेडाची खोली काढायची. सकाळी माझ्या शिकवणीच्या मुली बसतील. दुपारी तुमचं शिवण. संध्याकाळी ह्यांचे फोटो धुण्याचे उद्योग, म्हणजे न्हाणीघर मोकळं होईल. उन्हाळ्यात भिवापूरहून येणाऱ्या मिरच्या आणि आपले पापड. पाहुणे आले तर रात्री त्यांची सोय. एका खोलीत सहा कामं. मी त्याचं वेळापत्रक आधी केलं आणि नकाशा नंतर काढला, यावरून तुम्ही मला किती हसलात. "खोली नाई झाली अजून, अन् तिची शाळा भरली," असं तुम्ही ह्यांना सांगितलंत, मला ऐकू येईल इतक्या हळू.

नकाशा मी आलेख-कागदावर काढला. एक चौकोन म्हणजे अर्धा फूट. कागदावर काढायचं कारण तुम्हांला ठाऊक आहे. घर बांधलं तेव्हाच्या मिस्त्रीला सगळं तोंडी सांगितलं होतं, तर त्यानं न्हाणीचा उतार घराच्या दिशेनं दिला आणि पहिल्याच दिवशी आंघोळीचं पाणी तुमच्या खाटेखाली आलं. तेव्हापासून माझा नियम होता, की जे कागदावर आहे तेच करायचं आणि जे कागदावर नाही ते करायचं नाही. शामराव नवे होते, तरुण होते, चौथीपर्यंत शिकलेले आणि आकडे वाचणारे. मी त्यांना तो नियम तीनदा म्हणून दाखवला. ते म्हणाले, "बाई, कागद बोलन तसं करीन."

कागद दोन होते. पहिल्यावर जुनं घर. त्यात मधल्या खोलीची खिडकी काढून तिथे दार पाडायचं, असं लाल पेन्सिलीनं दाखवलेलं. दुसऱ्यावर नवी खोली, तिच्या तीन भिंती, दोन खिडक्या, अंगणात उघडणारं एक दार आणि चौथ्या बाजूला नुसतं लिहिलेलं, जुनी भिंत. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर पसरून मी तुम्हां दोघांना समजावले. हे चष्मा शोधत होते. तुम्ही पहिल्या कागदावर बोट ठेवून काहीतरी विचारलंत, आणि मी म्हणाले, "ते बघू नंतर." काय विचारलं होतंत, ते मला पुढे कधी आठवलं नाही.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. परमिट आलं, आणि त्याच आठवड्यात जबलपूरहून माझी आई आजारी असल्याची तार आली. मी घाईनं निघाले. निघताना शामरावांच्या हातात कागद दिला. एक दिला. दुसरा. पहिला माझ्या फाइलमध्येच राहिला, वर नीट '१' हा आकडा घालून.

तीन आठवड्यांनी मी परत आले, तर भिंती छातीपर्यंत चढलेल्या आणि मधल्या खोलीत भरदिवसा अंधार. खिडकी होती तिथे विटा, त्यावर ओला गिलावा. तुमची खाट बैठकीत सोफ्याला टेकवलेली.

मी शामरावांना विचारलं, "दार कुठे आहे?"

"कोणतं दार, बाई?"

"घरातून खोलीत जायचं."

त्यांनी खिशातून माझा कागद काढला, उलगडला आणि अदबीनं माझ्यासमोर धरला. त्यावर तसं दार नव्हतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मला वाटलं, तुझं ठरलं आहे." मग जरा थांबून, "पण काय सुरेख अंधार झाला आहे गं आत. फोटोंसाठी याहून चांगली खोली मिळणार नाही." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी फोटो धुण्याच्या आपल्या तबकड्या मधल्या खोलीत नेऊन मांडल्या.

उरलात तुम्ही. "अक्का, तुम्ही घरात होतात. खिडकी बुजताना पाहिलीत. एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?"

तुम्ही यंत्रात दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणालात, "मले काय समजते वं नकाशातलं?"

हे उत्तर मी कधीच खरं मानलं नाही. जी बाई वर्तमानपत्राच्या कागदावर खडूची चार टिंबं देऊन, माप न घेता, समोरच्या बाईचा ब्लाऊज बेतते, आणि बाहीचं भोक कधी सूतभर चुकत नाही, तिला भिंतीत दाराचं भोक नाही हे कळलं नाही? पण शिक्षिकेला पुरावा लागतो. तुमच्याविरुद्ध माझ्याकडे एकही नव्हता, आणि माझ्याविरुद्ध अख्खा कागद होता.

खोली पुरी झाली. गिलावा वाळला की दार पाडायचं, असं ठरलं. तोवर मधल्या खोलीत फोटोंच्या औषधांचा वास आणि काळोख, म्हणून चार दिवसांसाठी तुमची खाट नव्या खोलीत हलवली. चार दिवसांसाठी, हे शब्द माझेच.

मग तुमची कारणं सुरू झाली. शामरावांना बोलावलं, तर तुमच्याकडे लगीनसराईचे ब्लाऊज आलेले. "इतकी धूळ उडन, अन् नवरीच्या शालूवर बसन. लग्न होऊ दे." लग्न झालं, तर उन्हाळा. मिरच्यांची रास नेमकी त्याच भिंतीला लावलेली. "ह्या हलवल्या तं साऱ्या ले-आउटले ठसका लागन." मिरच्या कुटून झाल्या, तर पाऊस आला, भिंत ओली. दिवाळीआधी पुन्हा विषय काढला, तेव्हा तुमचं यंत्र त्या भिंतीशी, यंत्राभोवती सात-आठ बायका, आणि तुम्ही त्यांतल्या एकीला म्हणत होता, "काहून वं, बाही इतकी तंग काहून करून राहिली? जेवाचं नाई का तुले कधी?" सगळ्या हसल्या. मी दारात उभी होते, माझ्या हातात मोजपट्टी होती. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या बायका. वेळापत्रकात तुमच्या वाट्याला अकरा ते चार होतं. पण माझ्या मुली सकाळी येत, त्यांच्याआधीच कोणीतरी तुमच्याकडे बसलेलं असे. अंगणातलं ते दार मागच्या रस्त्याच्या फाटकासमोर. घरात पाय न टाकता, कोणाला न विचारता, बैठकीत बसलेल्या पुरुषाला न ओलांडता, बायका थेट तुमच्याकडे येत. पलीकडच्या वस्तीतल्या मुली आधी फाटकाशीच घुटमळायच्या, "बाई रागावतील का" म्हणून माझ्याकडे बघायच्या. दुसऱ्या महिन्यात त्या सरळ आत शिरू लागल्या. माझ्या शिकवणीच्या मुली हळूहळू बैठकीत सरकल्या. वेळापत्रक भिंतीवर होतं, त्याच्या खिळ्याला तुम्ही कात्री अडकवू लागलात.

आणि लोक बोलू लागले. हळदीकुंकवाला समोरच्या काकूंनी, सगळ्यांसमोर, हसत विचारलं, "काय वं, नणंदेले वेगळं काढलं म्हणते?" अक्का, ते मला फार लागलं. मी घरी येऊन तुम्हांला सांगितलं, बहुतेक रडतच. सांगितलं, की उद्याच्या उद्या दार पाडते, लोक म्हणतात मी तुम्हांला घराबाहेर घातलं. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. "लोकायले म्हणू दे. तू घातलं का मले बाहेर?" "नाही." "मी म्हणून राहिली का तसं?" "नाही." "मंग झालं." आणि काम परत उचललंत. मला वाटलं, यांना माझ्या अब्रूची पर्वा नाही. कितीतरी दिवस मी तोच राग मनात धरून बसले होते, आता सांगायला हरकत नाही.

त्याच रागात मी एकदा न विचारता आत शिरले. तुम्ही खाटेवर नुसत्या बसला होता, हातात काहीही नाही, केस मोकळे, खिडकीतून बाहेर बघत. मला पाहून दचकलात. मग शांतपणे म्हणालात, "कडी वाजवत जा वं."

माझ्याच घरात, मी बांधलेल्या खोलीत. आठ दिवस मी तिकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, मनात ठरवून की जाऊन ठणकावायचं. दाराशी पोचल्यावर हात आपोआप कडीला गेला. दोनदा वाजवली. आतून तुमचा आवाज आला, "ये वं." इतक्या आनंदाचा आवाज मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ठणकावायचं राहून गेलं. त्या दिवसापासून सकाळी सहाचा चहा आपण दोघींनी त्या पायरीवर घेतला. जगात तेवढी एकच जागा होती, जिथे मला कोणी काही विचारत नसे आणि मी कोणाला काही शिकवत नसे. हे तुम्हांला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर वाद हरल्यासारखं झालं असतं.

तिथेच एकदा, दुलईची टीप घालता घालता, तुम्ही एक वाक्य बोललात. कशावरून निघालं आठवत नाही. "मधल्या खोलीत झोपणाऱ्या माणसाले साऱ्याईचं येणंजाणं ठाऊक असते. त्याचं कोणाले ठाऊक नसते." मी "हं" म्हणाले. दुलईचा रंग कोणता होता ते मला आजही सांगता येईल. वाक्य मात्र मी तेव्हा ऐकलं नाही, असंच म्हणायला हवं.

आता त्या सकाळचं सांगते. मुलांना सगळं सांगायचं असेल तर हेही आलं.

सहा वाजता मी कडी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. वाटलं, न्हाणीत असाल, किंवा फुलं आणायला गेला असाल. दार ढकलून आत जाणं माझ्या हाताला ठाऊकच राहिलं नव्हतं. कप पायरीवर ठेवून मी परत आले, भाजी निवडली, ह्यांना पाणी काढून दिलं. सात वाजता परत गेले, तर कप तसाच, वर साय धरलेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही खाट आणि यंत्र यांच्यामध्ये जमिनीवर होता. डोळे उघडे. मला ओळखलंत. बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात तीन दिवस. डॉक्टर म्हणाले, एका तासानं फरक पडला नसता. डॉक्टर तसं म्हणतातच. घरातून दार असतं, तर मधल्या खोलीतून जाता-येता कोणाला तरी तुमचं कण्हणं ऐकू आलं असतं, हे मी शंभरदा मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी तुमचा हात माझ्या हातात होता आणि मला विचारायचं होतं. रागानं नव्हे. मला फक्त जाणून घ्यायचं होतं, की तुम्हांला ठाऊक होतं ना? तुमचा ओठ एका बाजूनं हलला. मी कान जवळ नेला. काही कळलं नाही.

तेव्हाच मी ठरवलं, की आता ते दार पाडायचं. शैलानं फोनवर तेच सांगितलं, "आई, तुझे गुडघे बघ. पावसात कशाला बाहेरून जायचं? खोली घरात घेऊन टाक." ह्यांनी तर लगेच मापं घेतली. फोटोंचा नाद केव्हाच सुटला आहे, मधली खोली आता नुसती जुन्या तबकड्यांची अडगळ. मी शामरावांना निरोप धाडला.

मंगळवारी ते आले. तुमच्या अंत्ययात्रेत होते, पण तेव्हा बोलणं झालं नव्हतं. आता त्यांचेही केस पिकले आहेत, हाताखाली चार माणसं आहेत, तरी आपल्याकडचं काम म्हटलं की स्वतः येतात. "जयभीम, बाई," म्हणाले आणि मधल्या खोलीत जाऊन बोटाच्या पेरांनी भिंत ठोकू लागले. एका जागी आवाज बदलला. "हे पाहा. खिडकीवरचं आडवं लिंटेल आहे अजून. मी काढत नाई कधी, घरवाल्याचं मन बदलते. एका दिवसाचं काम आहे."

मी पहिला कागद काढून ठेवला होता, लाल पेन्सिलीचा. तो त्यांना दिला. त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हा तेव्हाचाच ना, बाई?"

"हो. तेव्हा द्यायचा राहिला. चूक माझीच होती."

"चूक नाई झाली," ते म्हणाले. मग कागदाची घडी घातली, परत उलगडली. "मी ताईले इचारलं होतं तेव्हा. बाई गावाले गेल्या, हे खिडकीचं काय कराचं? ताई म्हणे, इथं दार पाडाचं आहे बाईच्या मनात. मी म्हणलं, मंग पाडतो. तं ताई म्हणे, 'शामराव, दार पाडलं तं माही खाट कुठं जाईन?' मी म्हणलं, बाईले पुसा. म्हणे, 'पुसलं. बाई म्हणे, नंतर पाहू.'"

शामरावांनी बुजवलेल्या जागेवर हात ठेवला.

"मंग ताई म्हणे, 'तुह्या हातातला कागद काय म्हणते?' मी म्हणलं, कागदावर दार नाई. ताई म्हणे, 'मंग बुजव.'"

"तुम्ही मला हे सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं?"

शामराव जरासे हसले. "बाई, तुमी मले इचारलं कुठं? तुमी कागदाले इचारलं."

मी त्यांच्या हातून पहिला कागद घेतला. चौदा वर्षांनी नीट पाहिला. मधल्या खोलीत मी काय काय काढलं होतं? पुस्तकांचं कपाट, साडेतीन फूट. रेडिओचं टेबल. धान्याच्या दोन कोठ्या. पाण्याचा माठ, त्याच्या तिवईसकट. सगळं मापात. खाट नव्हती. खिडकीखाली जिथे तुम्ही इतकी वर्षं झोपलात, तिथे लाल पेन्सिलीनं दार होतं आणि दार उघडण्याची अर्धगोल रेघ. ती रेघ बरोबर तुमच्या उशीवरून गेली होती. नव्या खोलीच्या वेळापत्रकातही पाहिलं, त्याची प्रत त्याच फाइलमध्ये आहे. रात्री या शब्दापुढे लिहिलं आहे, पाहुणे.

टेबलावर बोट ठेवून तुम्ही हेच विचारलं होतंत.

अक्का, मी तुमच्याशी कधी वाईट वागले नाही, असं मला वाटत आलं. आजारपणात केलं, सणाला तुमच्यासाठी इतवारीच्या बाजारातून माझ्यासारखंच लुगडं आणलं, तुमच्याआधी जेवले नाही. ते सगळं खरं आहे. आणि हा कागदही खरा आहे. मी तुमच्या खाटेची जागा मोजली नाही. तुम्ही भांडला असता, तर मी लाजून कुठेतरी जागा काढली असती आणि ती मी दिलेली जागा झाली असती. तुम्ही भांडला नाहीत. माझाच नियम घेतलात, एक शब्द बोललात, आणि स्वतःची खोली बांधून घेतलीत. लोकांचं बोलणं मी ऐकलं ते तुमच्यामुळे, असं मी म्हणत होते. पण खरं सांगून तुम्ही मला त्या हळदीकुंकवातल्या बायकांसमोर उघडं पाडू शकला असता. नणंदेला घरात जागा नव्हती म्हणून तिनं खिडकी बुजवून घेतली, एवढंच म्हणायचं होतं. ते तुम्ही कोणालाही म्हणाला नाहीत. मलासुद्धा.

त्या एका तासाचं काय करायचं, ते मला अजून ठाऊक नाही. तो कोणत्याही फाइलमध्ये बसत नाही. तुम्ही स्वतःचं दार निवडलंत, त्या निवडीत तोही होता, असं मनाला समजावते. कधी पटतं, कधी नाही.

शामरावांना मी त्या दिवशी परत पाठवलं. त्यांना सांगितलं, दोन दिवसांनी या. मग मी जेवणाच्या टेबलावर आलेख-कागद घेऊन बसले. हे म्हणाले, "आता आणखी काय राहिलं?" मी सांगितलं, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून तुमच्या पायरीपर्यंत अकरा पावलं आहेत, त्यांवर पत्र्याचं छप्पर घालायचं आहे, आणि एका बाजूला हात धरायला लोखंडी नळी. गुडघ्यांना तेवढं पुरे. तुमच्या बायका येऊन विचारून गेल्या, की यंत्र तिथेच राहील ना. राहील. उन्हाळ्यात मुलं आली की त्या खोलीत झोपतील. नीतू, तू हे वाचत असशील, तर आता तुला उत्तर मिळालं. आत जाताना कडी वाजवायची, आत कोणीही असो. आत तू असलीस, तर मी वाजवीन.

काल दुपारी शामराव आले. या वेळी कागद एकच होता, त्यावर सगळं होतं. घर, अंगण, छप्पर, नळी, तुमची पायरी, आणि खोलीत यंत्राशेजारी खाट, सहा फूट बाय तीन. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मग मधल्या खोलीच्या भिंतीवर बोट ठेवून थांबले.

"बाई, इथलं दार काढाचं राहिलं काय?"

"नाही शामराव, राहिलं नाही. कागदावर आहे तसंच करा."